ऋणनिर्देशाचं पान

पुणे, ९ नोव्हेंबर १९५९

चि. श्रीनाथ,

आशीर्वाद तुला जन्मापासून चालूच आहेत, ते दरवेळी लिहून शाई घालवत नाही. कामाचं बोलतो.

पुस्तक मी आता मनावर घेतलं आहे. युद्धात बेचिराख झालेले देश दहा-बारा वर्षांत कारखाने कसे उभे करतात, आणि त्यांना ते नियोजनाने जमतं तर आपल्याला का जमू नये, हा विषय. नाव ‘योजनेची भरारी’. कॉलेजातले आमचे विद्वान चहा ढोसता ढोसता म्हणतात, आत्मारामपंत, हे सगळे कागदावरचे घोडे आहेत. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्तीच्या तोंडावर मला यांची तोंडं बंद करायची आहेत. पोलंड-हंगेरीचे अहवाल ग्रंथालयात मिळतात. पण माझा सख्खा भाचा पूर्व जर्मनीत काचेवर डॉक्टरेट करत असताना मी अहवालच चाळत बसलो तर लोक मला हसतील.

तेव्हा एका कारखान्याचे पाच वर्षांचे आकडे मिळव. आणि डोळ्यांना काय दिसतं तेही लिही. तुझी आई साताऱ्याहून विचारते आहे की तिकडच्या थंडीत कान झाकतोस की नाही.

आत्माराममामा


येना, ६ डिसेंबर १९५९

मामा,

कान झाकतो, आईला कळवा.

डोळ्यांना दिसतं ते असं. खिडकीतून मोजलं तर पाच क्रेन दिसतात. रेशनकार्डं गेल्या वर्षी बंद झाली. स्टेशनावर भली मोठी पाटी आहे की १९६१ पर्यंत आम्ही पश्चिमेला मागे टाकणार. लोणी मिळतं, फक्त कधी मिळेल ते सांगता येत नाही. माझी घरमालकीण फ्राऊ वित्तिग, म्हणजे वित्तिगबाई, रांग दिसली की आधी तिच्यात उभी राहते आणि मग पुढच्याला विचारते, काय मिळतंय.

आकड्यांसाठी मला घराबाहेरही जावं लागलं नाही. घरमालक गेरहार्ड वित्तिग इथून सात-आठ मैलांवरच्या काचेच्या कारखान्यात सांख्यिकी विभागाचे प्रमुख आहेत. पन्नाशीचे गृहस्थ, गल्लीतला बर्फही सरळ रेषेत लोटतात. तुमच्या पुस्तकाचं सांगितलं तर त्यांनी कारखान्याचा छापील अहवाल आणून दिला. उत्पादनात दरवर्षी चौदा टक्के वाढ, पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट. सोबत पाठवतो आहे.

श्रीनाथ


पुणे, ११ जानेवारी १९६०

चि. श्रीनाथ,

चौदा. आणि दरवर्षी बरोब्बर चौदा! अरे, मी काय काल जन्मलो?

अहवालात भट्ट्या तेवढ्याच, कोळसा जेमतेम सव्वापट, आणि काच दुप्पट. हे छापलं तर आमचे चहावाले मला पहिल्या पानावरच उभा चिरतील. मला या देशांचं कौतुक आहे म्हणून मी डोळे मिटून घेणार नाही. प्रमुख तुझ्या घरात बसला आहे, तर त्याला सरळ विचार की हे कसं होतं.

आता तू कुरकुरशील की कसं विचारू. तू लहानपणापासून भित्रा. कृष्णेच्या घाटावर सगळी पोरं पाण्यात आणि तू कपडे सांभाळत बसलेला, हे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. एक प्रश्न विचारायला काय लागतं?

मामा


येना, २० मार्च १९६०

मामा,

हे पत्र पोस्टाने नाही. ड्रेस्डेनला शिकणारा श्यामकांत बोटीने घरी निघाला आहे, त्याच्या हाती देतो आहे.

विचारलं. वित्तिग पंधरा दिवस काही बोलले नाहीत. मग एका रविवारी जेवण झाल्यावर म्हणाले, चला, टेकडीवर फिरून येऊ. वर गेल्यावर त्यांनी समजावलं. भट्टीतून निघालेल्या काचेत बुडबुडा दिसला किंवा रेघ दिसली की ती फोडतात आणि पुन्हा भट्टीत टाकतात. पण योजनेत मोजायचं असतं वजन, आणि वजन भट्टीतून निघालं की मोजून होतं. म्हणजे तीच काच दोनदा, कधी तीनदा मोजली जाते. जितकी जास्त बिघडते तितकं उत्पादन जास्त. चांगल्या काचेचा खरा हिशेब त्यांनी स्वतःपुरता ठेवला आहे. वाढ वर्षाला साडेपाच टक्के. पाचही वर्षांचे आकडे त्यांनी तोंडी सांगितले, मी खोलीवर येऊन लिहून काढले. सोबतच्या चिठ्ठीत आहेत.

मी विचारलं, मग हे मला का सांगता? ते म्हणाले, "इथे मी चौदा लिहितो, कारण चौदा लिहायचं असतं. तुमच्या मामांचं पुस्तक इथे कुणाला वाचता येणार नाही. कुठेतरी एका कागदावर साडेपाच असू दे."

त्यांचं नाव मात्र पुस्तकात नको. स्वभावाने फार भिडस्त आहेत, नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही.

श्रीनाथ


पुणे, २ ऑगस्ट १९६०

चि. श्रीनाथ,

श्यामकांत स्वतः घरी येऊन चिठ्ठी देऊन गेला. गुणी मुलगा आहे.

श्रीनाथ, तुझ्या वित्तिगसाहेबांनी माझं पुस्तक उभं केलं. साडेपाच काय कमी आहेत? युद्धातून उठलेल्या मुलखात, अर्धी यंत्रं रशियाने उचलून नेल्यावर साडेपाच! चौदावर कुणी विश्वास ठेवला नसता, या आकड्यावर शत्रूसुद्धा ठेवील. आठवं प्रकरण सगळं त्यावरच रचलं आहे. परवा ते आमच्या अर्थशास्त्र मंडळात वाचलं, आणि आमचे चहावाले कप खाली ठेवून ऐकत होते.

छपाई सुरू आहे. एक गंमत करून ठेवली आहे, ती पुस्तक हातात पडल्यावर कळेल. भिडस्त माणसांचं काय करायचं ते आपल्याकडे काही नवीन नाही.

मामा


येना, ४ ऑक्टोबर १९६०

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं. पाकिटाची कड ओलसर होती आणि डिंक बाहेर आलेला होता. प्रवासात होत असेल.

गंमत कसली? नाव नको असं मी लिहिलं होतं, ते खरोखरच नको, हे पुन्हा लिहितो आहे. तसंच केलंत ना?

इकडे सगळं ठीक. उन्हाळ्याआधी आसपासची सगळी शेतं सामुदायिक झाली. गाडीवर कर्णे लावून माणसं गावोगाव फिरली, आणि संध्याकाळपर्यंत गावच्या गाव सही करून मोकळं व्हायचं. समोरच्या घरात नवीन भाडेकरू आला आहे. त्याला काम नसावं, दिवसभर खिडकीत असतो. वित्तिगसाहेब नमस्कार सांगतात. आताशा ते टेकडीवर येत नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात.

कृपा करून उलट टपाली उत्तर पाठवा.

श्रीनाथ


पुणे, १२ डिसेंबर १९६०

चि. श्रीनाथ,

पुस्तक निघालं! उत्तराला उशीर झाला, छापखान्यातच मुक्काम होता.

आता गंमत सांगतो. तुझं पत्र वाचून मी खूप हसलो. एकदा ‘नको’, पुन्हा ‘खरोखरच नको’. अरे, पानात वाढताना दोनदा नको म्हणणाऱ्याला आपण उपाशी उठवतो का? ज्याच्या खांद्यावर प्रकरण उभं आहे त्याचं नाव गाळून मी ग्रंथ छापू? असला कृतघ्नपणा या हातून व्हायचा नाही. ऋणनिर्देशात काय छापलं आहे ते उतरवून देतो:

‘आठव्या प्रकरणातील विश्वसनीय आकडे मला ज्यांच्या सौजन्याने लाभले, ते येनाजवळील काच कारखान्याच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख श्री. गेरहार्ड वित्तिग यांनी नामोल्लेखास विनयाने नकार दिला होता. तो नकार मोडण्याचा अपराध मी जाणूनबुजून करीत आहे.’

त्यांना मराठी येत नाही, मग आपलं नाव कळणार कसं? म्हणून कंसात नाव आणि हुद्दा रोमन अक्षरांतही घातला. कंपोझिटरने तक्रार केली, पण मी हटलो नाही.

तीन प्रती गेल्या आठवड्यात विमानाने, रजिस्टर करून रवाना केल्या. एक तुला. एक वित्तिगसाहेबांना, कारखान्याच्या पत्त्यावर, म्हणजे त्यांच्या वरिष्ठांनाही दिसेल. आणि एक बर्लिनच्या उद्योग खात्याला. सोबत इंग्रजीत पत्र लिहिलं की खरे आकडे सांगण्याचं धैर्य असलेला असा अधिकारी तुमच्याकडे आहे, हे तुमचं भाग्य. बढती मिळाली तर पेढे माझ्यातर्फे वाट.

मामा


पुणे, २० फेब्रुवारी १९६१

चि. श्रीनाथ,

दोन महिने झाले, तुझं एक ओळीचं पत्र नाही. पुस्तक पोचलं का? वित्तिगसाहेब काय म्हणाले? रागावले तर नाहीत ना? वर्तमानपत्रात दीड कॉलम परीक्षण आलं आहे, ते पाठवतो. पण तू आधी लिही. तुझी आई रोज पोस्टमनला थांबवते.

मामा


पश्चिम बर्लिन, ९ एप्रिल १९६१

मामा,

आज एस-बानने, म्हणजे शहराच्या लोकल गाडीने, बर्लिनच्या या बाजूला आलो आहे आणि इथल्या पोस्टात उभा राहून लिहितो आहे. इथून टाकलेलं पत्र कुणी उघडत नाही, म्हणून सगळं लिहितो. उत्तरही याच पोस्टात माझ्या नावाने पाठवा, येनाला नको.

माझी प्रत मला मिळाली नाही. अकरा जानेवारीला सकाळी सात वाजता दोघे जण आले आणि वित्तिगना घेऊन गेले. ते कोट चढवत होते, त्यांना म्हणाले, मफलर राहू द्या, लगेच परत याल. ते अजून आलेले नाहीत.

मला तेरा तारखेला गुप्त पोलिसांच्या कचेरीत बोलावलं. टेबलावर तुमचं पुस्तक होतं, आणि तुमचं इंग्रजी पत्रही. त्यांना काही विचारावंच लागलं नाही, मामा. रोमन अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. त्यातल्या एकाने बोट ठेवलं आणि म्हणाला, बाकीचं आम्हाला वाचून दाखवा. मी खोटं वाचलं. घरमालक म्हणून पाहुणचाराबद्दल आभार मानले आहेत, असं सांगितलं. त्याने मला पूर्ण वाचू दिलं. मग खणातून एक टाइप केलेला कागद काढला. तुमच्या ऋणनिर्देशाचं जर्मन भाषांतर, शब्द न् शब्द बरोबर. म्हणाला, हे बरोबर आहे एवढी सही करा. नाहीतर डॉक्टरेट जाईल, आणि बरंच काही. मी सही केली.

ते भाषांतर कुणी केलं मला ठाऊक नाही. तेव्हापासून मी इथल्या आपल्या कुठल्याही मुलाशी मराठीत बोललेलो नाही.

आता माझं ऐका. तुम्हाला मी दोष देत नाही. श्यामकांतबरोबरच्या पत्रात मला सगळं लिहिता आलं असतं. हा माणूस जिवावर उदार होऊन आकडे देतो आहे, त्याचं नाव आलं तर त्याला उचलतील, एवढंच लिहायचं होतं. मी ‘भिडस्त’ लिहिलं. तुम्ही पुन्हा मला भित्रा म्हणाल, याची मला लाज वाटली. भिडस्त माणसाला आपण आग्रह करतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

फ्राऊ वित्तिग रोज सकाळी माझ्या दाराशी कॉफी ठेवते आणि जाते. घंटीवरची नावाची पाटी कुणीतरी काढून नेली आहे.

श्रीनाथ


पुणे, ५ जून १९६१

श्रीनाथ,

पत्र मिळून दीड महिना झाला. तुझ्या मामाला शब्द सुचेनात, हे तुला खरं वाटणार नाही.

मला सुचलं ते केलं. उद्योग खात्याला पत्र लिहिलं की आठव्या प्रकरणातले आकडे माझ्या मनचे आहेत, कुणी दिलेले नाहीत, वित्तिग यांचं नाव मी वजन आणण्यासाठी घातलं. तेच इथल्या वर्तमानपत्रातही छापून घेतलं. आता कॉलेजात मला कुणी चहाला बोलावत नाही. त्याचं मला काही वाटत नाही, ते गृहस्थ सुटले तर मी रस्त्यावर उभा राहून खोटारडा म्हणवून घेईन.

दुकानांतून आणि ग्रंथालयांतून जेवढी पुस्तकं परत मिळाली तेवढी आणली. ब्लेड घेऊन बसलो, ऋणनिर्देशाचं एकेक पान कापलं आणि बंबात घातलं. तुझी मामी सरला शेजारी बसून पुस्तकं पुढे सरकवत होती.

काल बर्लिनहून उत्तर आलं. फार सभ्य पत्र आहे. माझ्या आस्थेबद्दल आभार. सदर कारखान्याची वाढ गेल्या वर्षी चौदा पूर्णांक सहा दशांश टक्के. आणि आपण उल्लेखिलेल्या नावाची व्यक्ती त्या कारखान्यात कधीही नोकरीला नव्हती.

श्रीनाथ, कधीही नव्हती म्हणजे काय? मला फार भीती वाटते.

मामा


पश्चिम बर्लिन, १ ऑगस्ट १९६१

मामा,

तुम्हाला आलं तेच उत्तर फ्राऊ वित्तिगला मिळालं आहे. ती तीन कचेऱ्यांत जाऊन आली. या नावाचा माणूस इथे नव्हता. कारखान्याच्या वार्षिक फोटोतून, पगाराच्या वहीतून, सगळीकडून नाव गेलं आहे. घरातले कागद जानेवारीतच नेले.

इथे पश्चिम बर्लिनमध्ये काही वकील मंडळी आहेत, अशा नाहीशा झालेल्या माणसांचा माग काढतात. मी त्यांना आजच भेटलो. ते म्हणतात, हा माणूस त्या हुद्द्यावर होता असा एखादा छापील पुरावा आणा, मग आम्हाला हालचाल करता येईल. मामा, तसा पुरावा जगात एकच आहे. ऋणनिर्देशाचं पान. फ्राऊ वित्तिगच मला म्हणाली, त्या पुस्तकात त्यांचं नाव आहे ना?

ती आता इथे राहणार नाही. शनिवारी, बारा तारखेला, एक पिशवी घेऊन निघायचं आणि एस-बानने इकडे यायचं, असं तिचं ठरलं आहे. रोज शेकडो माणसं अशीच येतात. त्याआधी पान आलं तर चांगलं, नाही आलं तरी ती निघणार आहे. एखादी प्रत कुठे राहिली आहे का, शोधा.

श्रीनाथ


पुणे, १० ऑगस्ट १९६१

श्रीनाथ,

पत्र परवा मिळालं आणि मी कपाळाला हात लावून बसलो. घरात एकही पान नव्हतं. मग आठवलं, पहिली प्रत मी तुझ्या आईला दिली होती. तसाच उठून साताऱ्याला गेलो. स्नेहलताने ती देवघरात ठेवली होती, हळदकुंकू लागलेली. पान शाबूत आहे. अलगद सोडवून घेतलं, सोबत ठेवलं आहे. विमानाने पाठवतो.

काल तुला साताऱ्याहूनच येनाच्या पत्त्यावर तार केली ती मिळाली असेल. ‘पान मिळाले. पाठवत आहे. थांबा.’ त्या बाईला सांग, आठवड्याने काय बिघडतं? रिकाम्या हाताने वकिलापुढे जाण्यात अर्थ नाही. तिने नको म्हटलं तरी तू आग्रह करून थांबव. या वेळी माझ्या हातून काही चुकायला नको.

मामा


पश्चिम बर्लिन, २६ ऑगस्ट १९६१

मामा,

तुमची तार अकरा तारखेला दुपारी आली. फ्राऊ वित्तिगची पिशवी भरून झालेली होती. मी तार तिला वाचून दाखवली. ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, पान येतच असेल तर पुढच्या शनिवारी जाऊ. मी आग्रह केला नाही. नको, उद्याच जा, असंही म्हणालो नाही.

रविवारी पहाटे त्यांनी बर्लिनच्या मधोमध तारेचं कुंपण घातलं. आता विटा रचत आहेत. गाड्या बंद केल्या आहेत. मला भारताचा पासपोर्ट दाखवून येता-जाता येतं. तिला येत नाही, आणि पुढे कधी येईल असं कुणी म्हणत नाही.

पान अठरा तारखेला इथल्या पोस्टात मिळालं, ते मी तिला दाखवायला येनाला नेलं. तिने ते टेबलावर सरळ केलं आणि मला सगळं वाचायला सांगितलं, आधी मराठीत आणि मग जर्मनमध्ये. अपराध या शब्दापाशी मी अडखळलो, तर म्हणाली, पुढे वाचा. वाचून झाल्यावर तिने कंसातल्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. मग पान माझ्याकडे देऊन म्हणाली, तुम्हाला जाता येतं ना, तुम्ही घेऊन जा.

आज ते वकिलांना दिलं. त्यांनी ठेवून घेतलं. अर्जावर कुटुंबातल्या माणसाची सही लागते म्हणाले, आणि ती इथे येऊन करावी लागते.

माझी तोंडी परीक्षा सप्टेंबरात आहे, त्यानंतर मी येना सोडेन. फ्राऊ वित्तिग तिथेच राहील. पान शोधून पाठवल्याबद्दल तिने तुमचे आभार मानले आहेत, आणि ते मी तुम्हाला न चुकता कळवावेत असं दोनदा सांगितलं आहे.

श्रीनाथ